विचारलेलं नाही

बाईंच्या ऑफिसात 'वगैरे' या शब्दाला बंदी होती. हे मला मुलाखतीतच कळलं.

"कोलशेतला काय करत होतास?" त्यांनी विचारलं. माझा अर्ज समोरच होता, पण त्यावर त्यांनी चहाचा कप ठेवलेला.

"एका कारखान्याच्या स्टोअरचं काम कॉम्प्युटरवर घालायचो. स्टॉक, स्पेअर पार्ट वगैरे."

"वगैरे म्हणजे काय?"

"म्हणजे... बाकीचं."

"बाकीचं तुला माहीत नाही, की सांगायचं नाही, की नव्हतंच?"

मी गप्प. अडचणीत आलो की गप्प बसायचं, ही माझी लहानपणापासूनची रीत. समोरचा माणूस कंटाळतो आणि विषय बदलतो. बाई कंटाळल्या नाहीत. नुसत्या बघत बसल्या.

"नव्हतंच," शेवटी मी खरं ते सांगितलं.

"मग ये सोमवारपासून."

बाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. विसरलो म्हणून नाही. त्यांच्याबद्दल सांगायला गेलं की माझ्या घरातली एक गोष्ट सांगावी लागते, आणि तिच्यात मी काही फार चांगला दिसत नाही. आता पन्नाशी उलटली. आता कुणासाठी चांगलं दिसायचं?

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. बाई आर्किटेक्ट, पन्नाशीच्या आसपास. सुती साडी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी आणि झोळीत पोलादी टेप. लग्नकार्याला गेल्या तरी टेप बरोबर. आमची कॉम्प्युटर ऑपरेटर निर्मला, तिचं लग्न कोपरीच्या एका हॉलवर होतं. अक्षता पडल्या आणि बघतो तर बाई जागेवर नाहीत. शोधलं तेव्हा त्या हात धुवायच्या जागी सापडल्या. मुलाकडच्या एका अनोळखी आजोबांना टेपचं दुसरं टोक धरायला लावून बेसिनची उंची मोजत होत्या.

"लहान मुलांनी हात कुठे धुवायचे?" त्यांनी हॉलच्या मॅनेजरला विचारलं.

"मॅडम, आजपर्यंत कुणी विचारलं नाही."

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या आणि अगदी खुशीत पंगतीला जाऊन बसल्या.

कोपऱ्यावरचा चहावाला वर आला आणि "चार चहा ना?" म्हणाला, की बाई उलट त्यालाच धरायच्या. "साखर विचारलीस? तुझं तूच ठरवतोस?" बिचारा सुरुवातीला वैतागला. मग तोही तयार झाला. दारातूनच आरोळी ठोकायचा, "साखर हवी, साखर नको, की डॉक्टरला विचारून सांगता?" बाई म्हणायच्या, "बघा, याला कळलं. आमच्या प्रोग्रॅमरला कळायचंय अजून."

प्रोग्रॅमर म्हणजे मी. आणि मला खरंच कळलेलं नव्हतं.

इमारत बांधायची म्हटली की लोक आधी नकाशा काढायला घेतात. बाईंचं म्हणणं, नकाशा शेवटी. आधी प्रत्येक खोलीला काय काय लागतं ते विचारून लिहून काढा. त्यासाठी मी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम करायचा. प्रत्येक खोलीची एक नोंद. तिच्यातले काही रकाने सक्तीचे, म्हणजे नाव, मजला, क्षेत्रफळ. बाकीचे ऐच्छिक: बेसिन, खिडकी, दाराची रुंदी, उजेड, आवाज, वास. शाळेच्या पेपरात ऐच्छिक प्रश्न सोडला तरी चालतो. मला वाटलं, इथेही तसंच. भरला तर भरला.

"ऐच्छिक म्हणजे खोलीच्या इच्छेवर," बाई म्हणाल्या. "तुझ्या नाही."

त्यांच्या मते रिकाम्या रकान्याइतका खोटारडा जगात कुणी नाही. नळाचा रकाना रिकामा आहे. का? नळ नको आहे? की त्या खोलीला नळाचा प्रश्नच येत नाही? की कुणी विचारलंच नाही? तिन्ही वेळा कागद दिसतो सारखाच कोरा, आणि बांधणारा आपल्या सोयीचा अर्थ घेऊन मोकळा होतो. म्हणून आमच्या प्रोग्रॅममध्ये रिकामं काही राहता कामा नये. एक तर उत्तर लिहा. नाही तर 'नको' लिहा, नाही तर 'लागू नाही', नाही तर सरळ कबूल करा, 'विचारलेलं नाही'. आणि प्रत्येक उत्तरापुढे आणखी एक रकाना: कुणी सांगितलं.

मला हे निव्वळ वेड वाटायचं. स्टोअरमध्ये मी नटबोल्टांचे रकाने भरले होते. नटबोल्टांना कुणी इच्छा विचारत नाही. डोंबिवलीला घरी गेलो की बाईंची नक्कल करून बायकोला हसवायचो. तेवढ्यावर आमचं बोलणं चालू होतं त्या दिवसांत. त्याचं कारण पुढे येईल.

निर्मलाचं टायपिंग वाचावं म्हणून मी एक शहाणपणा केला. नवी खोली उघडली की आधीच्या खोलीची सगळी माहिती तिच्यात आपोआप उतरेल, अशी सोय केली. निर्मलाने फक्त बदल करायचे. कागदावर आपण 'वरीलप्रमाणे' लिहितो ना, तेच मशीनवर. रकाने भराभर भरायला लागले. बाईंचे भागीदार काका तर भलतेच खूश. काका स्ट्रक्चरल इंजिनिअर, शांत, व्यवहारी माणूस. "आता कसं ऑफिससारखं वाटतंय," म्हणाले.

एका सकाळी बाई प्रिंटरच्या कागदाची लांबलचक पट्टी घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. शेपटासारखी ती मागे फरशीवर लोळत होती.

"वाच. खोली कोणती?"

"बाळांना दूध पाजायची खोली."

"दार?"

मी वाचलं. "दाराला आतून शिशाचा पत्रा."

"खिडकी?"

"नको."

"बाहेर लाल दिवा?"

"हवा."

निर्मलाने ओढणी तोंडाला लावली. आधीची खोली एक्स-रेची होती.

"अरे, आयांनी दूध पाजायचंय की पोरांच्या हाडांचे फोटो काढायचेत?" बाई कडाडल्या. "गृहीत धरायला घर तुझ्या बापाचं आहे का रे?"

त्या दिवसापासून 'वरीलप्रमाणे' बंद झालं. निर्मलाला पुन्हा पहिल्यापासून टाइप करावं लागलं आणि ती माझ्याशी नीट बोलेना.

ही दूध पाजायची खोली कल्याणच्या कामातली. तिथल्या एका ट्रस्टचं जुनं प्रसूतिगृह होतं आणि त्यांना नवी इमारत बांधायची होती. खोल्यांच्या गरजांचा अहवाल त्यांनी दोघांकडून मागवलेला. एक आम्ही आणि दुसरी मुंबईची मोठी फर्म. ज्याचा अहवाल पसंत, त्याला इमारतीचं काम. काकांनी बाईंना समोर बसवून सांगितलं, "बाई, तुमच्या पद्धतीपायी मी आत्तापर्यंत गप्प बसलो. लोकांना भिंती हव्या असतात, प्रश्न नको असतात. कल्याणचं झालं तर ठीक. नाही झालं तर कॉम्प्युटर विकायचा, आणि आपण पूर्वीसारखे बंगल्यांचे प्लॅन मंजूर करून आणायचे. कबूल?"

बाईंनी झोळीतल्या टेपची पट्टी बाहेर ओढली आणि सोडून दिली. मग म्हणाल्या, "कबूल. तुम्ही विचारलंत तरी."

कल्याणच्या त्या जुन्या प्रसूतिगृहात बाई प्रत्येक खोलीत जाऊन बसायच्या. घडीचं स्टूल घेऊन जायच्या आणि कोपऱ्यात गुपचूप. कुणी काय करता विचारलं तर म्हणायच्या, "खोलीला विचारतेय." मी बाहेर बाकावर त्यांची वाट बघत बसायचो. बाळंतिणींच्या वॉर्डातून त्या बाहेर आल्या तेव्हा माझ्या शेजारी येऊन टेकल्या. टेकणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"शेवटच्या खाटेवर एक मुलगी आहे. भिंतीकडे तोंड करून पडलीय, कानावर उशी धरून. तिचं बाळ काल गेलं. आणि तिला ठेवलंय या सगळ्या बाळंतिणींच्या मध्ये."

"जागा नसेल, बाई."

"जागा नाही? की कुणी विचारलं नाही?"

मी उठून पाणी प्यायला गेलो. तहान नव्हती.

आमचं पहिलं बाळ आदल्या वर्षी गेलं होतं. डोंबिवलीच्या एका हॉस्पिटलात. एक दिवस जगलं. बायको अशाच एका वॉर्डात, अशाच खाटांच्या मध्ये, पुढचे दिवस पडून होती. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा असायचो. आत जायचो, डबा ठेवायचो, बाहेर यायचो. घरी आल्यावर त्या विषयाचा शब्द मी कधी काढला नाही. तिला नको असेल बोलायला, असं मी ठरवून टाकलं. तिच्या रकान्यात परस्पर 'नको' लिहून मोकळा झालो. ऑफिसात कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं. बाईंनाही नाही.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "यादीत एक खोली वाढव. बाळ गेलेल्या आईची. आणि तिला एक रकाना: बाळांच्या रडण्याचा आवाज येऊ नये."

"एका खोलीसाठी नवा रकाना? बाई, तो सगळ्या खोल्यांना लागतो. जिन्यालासुद्धा. जनरेटरच्या खोलीलासुद्धा."

"मग असं काही तरी कर, की नाही लागणार."

मी चिडून कामाला लागलो. रागारागात सगळा प्रोग्रॅम उसवला. खोल्यांची एक फाइल केली, त्यांच्या गरजांची दुसरी, आणि दोन्ही एकमेकींना जोडल्या. आता कुठल्याही खोलीला वाटेल तो रकाना चिकटवता येत होता, आणि शेजारच्या खोलीला त्याचा पत्ताही लागत नव्हता. जे नको ते काढून ठेवा, जे लागेल ते जोडा. चाललं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. पुढे नोकऱ्या बदलल्या, मोठमोठ्या सिस्टिम्स केल्या, पण इतकं देखणं काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. बाईंनी दोन-चार रकाने जोडून पाहिले, काढून पाहिले आणि म्हणाल्या, "जमतं की तुला."

मग त्यांनी स्वतः ती खोली भरायला घेतली. आवाज येऊ नये: हवं. पुढे मशीनने नेहमीसारखं विचारलं, कुणी सांगितलं? बाईंची बोटं थांबली. "तिला कसं विचारणार रे," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी टाइप केलं: विचारलेलं नाही.

ते शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. रविवारी सकाळी बायको मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि एक जुडी ओढून घेतली. मेथी मी आयुष्यात कधी निवडली नव्हती, त्यामुळे तिला संशय आलाच.

"काय झालं?"

"कामाचं विचारायचंय," मी म्हटलं. नेमका भेकड. "तिथे वॉर्डात तुला आवाजाचा त्रास व्हायचा का? बाळं रडायची त्याचा?"

तिचे हात थांबले नाहीत. पानं एकीकडे, काड्या एकीकडे.

"रडण्याचा नाही," ती म्हणाली. "रडणं थांबायचं ना, त्याचा. थांबलं म्हणजे कुणीतरी उचलून घेतलं."

या वेळी मी उठून गेलो नाही.

"आणि एक खुर्ची हवी होती," ती पुढे म्हणाली.

"कसली?"

"तुमच्यासाठी. तुम्ही सारखे बाहेर उभे असायचात. बसायला जागा नाही म्हणून ते बाहेर थांबतात, असं मी आईला सांगितलं होतं."

त्या दिवशी मेथी दुपारपर्यंत निवडून झाली नाही. वर्षभर जे बोललो नव्हतो ते बोललो. सगळं इथे लिहीत नाही. पण सोमवारी ऑफिसात बाईंना मात्र मी काही सांगितलं नाही. धीर झाला नाही. आणि अहवाल तसाच छापून गेला.

कल्याणला ट्रस्टच्या कमिटीपुढे दोन्ही अहवाल ठेवलेले होते. मुंबईच्या फर्मचा गुळगुळीत कागदावर, एकही रकाना मोकळा नाही. आमच्यात दर पानावर 'विचारलेलं नाही'. अध्यक्ष पेशाने वकील. जाड भिंगांतून त्यांनी दोन्ही चाळले.

"बाई, त्यांचं काम पूर्ण आहे. तुमचं अर्धवट."

"त्यांचं भरलेलं आहे," बाई म्हणाल्या. "पूर्ण नाही. स्वयंपाकघराला खिडक्या किती, हे त्यांनी तुमच्या स्वयंपाकिणीला विचारलंय का? मी विचारलंय. तिचं नाव आहे बघा. जे विचारायचं राहिलं, ते राहिलं म्हणून लिहिलंय."

"बरं," अध्यक्ष म्हणाले आणि वकिलाच्या सवयीने नेमकं नको ते पान उघडलं. "मग ही खोली पाहा. बाळ गेलेल्या आईची. आम्ही मागितली नव्हती. अख्खी खोली जास्तीची, शेवटच्या टोकाला, जाड भिंतींची. कुणी सांगितलं? विचारलेलं नाही." त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे बाई, हे तुम्ही गृहीत धरलंत."

काकांनी पेनला टोपण लावलं. मी बाईंकडे पाहिलं. त्यांना सहज काहीतरी सांगता आलं असतं. सिस्टरचं नाव घेता आलं असतं, त्या मुलीचं घेता आलं असतं.

"हो," बाई म्हणाल्या. "हे मी गृहीत धरलं."

आणि त्या कागद गोळा करायला लागल्या. सगळं संपलंच होतं. कॉम्प्युटर, ऑफिस, ती सगळी पद्धत.

"मी विचारलंय," कुणीतरी म्हणालं. आवाज माझा होता, हे मला सगळे माझ्याकडे वळले तेव्हा समजलं.

"कुणाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझ्या बायकोला."

मग मी सांगितलं. उभं राहून, शाळेत उत्तर देतात तसं. रडणं थांबायचं त्याचं सांगितलं. खुर्चीचं सांगितलं. मी बाहेर का उभा असायचो, तेही सांगितलं. ते जागेमुळे नव्हतं, हेही. एवढं सलग मी माझ्या लग्नाच्या याद्या ठरवतानाही बोललो नव्हतो. बाई कागद धरून तशाच थांबल्या होत्या.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"खुर्ची लिहिलीय का यात?"

"नाही," मी म्हटलं.

"मग लिहा की!" ते एकदम ओरडलेच. "आणि बाई, खाली बसा. ती बाकीची 'विचारलेलं नाही' कुठे कुठे आहेत? एकेक काढा. आम्ही कशाला बसलोय इथे? विचारा!"

आणि बाईंनी विचारलं. अशी कमिटी मी परत पाहिली नाही. बाळंतिणीला गरम पाणी खाटेपाशी हवं की न्हाणीत, यावरून दोन सभासद हमरीतुमरीवर आले. एक जण उठून खाली वॉर्डात जाऊन बाळंतिणींना विचारून आले आणि वर येऊन म्हणाले, "दोघांचंही चूक आहे." टेबलावरचे वडे गार होऊन गेले. मुंबईच्या फर्मचा गुळगुळीत अहवाल कुणीतरी पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून आमच्या कागदांवर ठेवला. काम आम्हाला मिळालं. काका जिना उतरताना शीळ घालत होते. काकांना शीळ घालता येते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

बाईंनी मला जिन्यातच गाठलं. मला वाटलं, आता पाठीवर हातबित ठेवतील.

"बायकोचं नाव काय?"

"का?"

"का म्हणजे? कुणी सांगितलं, तिथे लिहायचंय." मी नाव सांगितलं. त्यांनी कागद भिंतीला लावून तिथेच ते लिहिलं, आडनावासकट. मग म्हणाल्या, "इमारत झाली की तिला घेऊन ये. तिने सांगितलंय, तपासायचंही तिनेच."

मी ते बोलण्यावारी नेलं. बाईंनी नेलं नाही. इमारत उभी राहिली, रंगाचं काम चालू होतं, उद्घाटनाला अवकाश होता, आणि बाईंचा फोन आला. मी बायकोला घेऊन कल्याणला गेलो. बाईंनी तिला त्या टोकाच्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि दार लावून घेतलं. मग मला हाताला धरून पार दुसऱ्या टोकाला, पाळण्यांच्या खोलीत आणलं.

"हं. रड."

"काय?"

"बाळासारखं रड. मोठ्याने. त्याशिवाय कळणार कसं?"

"बाई, रंगारी बघतायत."

"बघू देत. इथे दर रात्री डझनभर पोरं रडणार आहेत, ती काय लाजणार आहेत? रड!"

मी घसा खाकरून थोडासा आवाज काढला. बाईंनी कपाळाला हात लावला. "हे रडणं आहे? हे तर ऑफिसात रजा मागतोस तसं झालं. जोरात!" मग मी जोरात काढला. मग आणखी जोरात. मग काय झालं सांगता येत नाही, पण पोटातून कुठून तरी जो आवाज निघाला तो थांबेचना. मी टाहो फोडला. रंगारी ब्रश घेऊन दारात जमले. "साहेबांना विंचू चावला काय?" त्यातला एक म्हणाला. बाई कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून बँडमास्तरसारखे हात हलवत होत्या. "शाब्बास! अजून! अजून!"

दम संपला तेव्हा मी थांबलो. सगळी इमारत गप्प झाली. आम्ही दोघं, मागे ते रंगारी, असे त्या लांब कॉरिडॉरच्या टोकाकडे बघत उभे राहिलो.

दार उघडलं. बायकोने डोकं बाहेर काढलं.

"अहो," तिने तिथून हाक मारली, "कधी सुरू करताय? मी केव्हाची वाट बघतेय!"

बाईंनी उडी मारली. पन्नाशीच्या त्या बाईंनी, नव्या कोऱ्या कॉरिडॉरच्या मधोमध, दोन्ही पाय जमिनीवरून सुटतील अशी खरीखुरी उडी मारली.